पोपट आणि केशरी दाणे

समस्त वऱ्हाडाने गंभीरपणे ऐकावं: अकोल्याच्या कापूस बाजारात एक पोपट फसला. कापसाची तेजी होती तेव्हाची गोष्ट. तिथे एक पोपटवाला बसायचा. त्याचं नाव मला कधीच कळलं नाही. ज्वारीच्या दोन ढिगांतला मोठा ढीग त्याचा पोपट बरोबर निवडायचा. आपण खुणावतो असं कुणी म्हणू नये, म्हणून हा पाठ फिरवून बसायचा.

एका दलालाने पैज लावली, पोपट चुकला तर माझा. लहान ढिगाचे दाणे त्याने पळसफुलांच्या पाण्यात रंगवून आणले. पोपट थेट त्या केशरी दाण्यांवर गेला. लोक गप्प झाले, तसे पाठमोऱ्या पोपटवाल्याचे खांदे पडले.

दलालाने पिंजऱ्याला हात घातला, तोच गाडीवरच्या एका शेतकऱ्याच्या तोंडून निघून गेलं, "काहून नेता त्याले, सेठ? काल पांढराशुभ्र कापूस पाहून तुमीबी माही अर्धी गाडी पुरी भरली समजूनच घेतली."