तिच्यासारखा हुक्का

लिफ्टवाल्यांनी उभं आयुष्य हुक्का ओढला, पण तो लावतात कसा हे त्यांना ठाऊक नव्हतं. हसू नका, खरंच सांगतोय. कामावरून आले की हातपाय धुऊन ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे, तोंड रस्त्याकडे आणि पाठ स्वयंपाकघराकडे. थोड्या वेळाने बायको हुक्का आणून शेजारच्या तिवईवर ठेवायची आणि नळीचं टोक त्यांच्या हातात द्यायची. एक लांब झुरका, खालच्या काचेच्या भांड्यात पाण्याची गुडगुड, की दिवसभराचा शीण उतरलाच म्हणून समजा. पाठीमागे काय चालतं हे वळून बघायची त्यांना कधी गरजच पडली नाही.

तसा माणूस चोख, त्याबद्दल वाद नाही. शहरातल्या कितीतरी इमारतींच्या लिफ्ट त्यांच्या हाताखालून गेलेल्या, म्हणून तर सगळे त्यांना लिफ्टवाले म्हणत. लिफ्ट दुरुस्त झाली की आधी स्वतः एकटे आत शिरणार, वर जाऊन खाली येणार, आणि मगच लोकांना आत सोडणार. मध्ये कुणी घाई केली तर त्याची काही खैर नव्हती. नुसत्या आवाजावरून कुठे काय सैल झालंय ते सांगायचे. असा माणूस घरी तरी गप्प कसा बसेल? हुक्क्यावर त्यांचे शेरे चालूच असायचे: आज जरा कडक लागतोय, आज पाणी जास्त झालंय. बायको कपड्यांच्या कारखान्यात काजं करायची. दिवसभर डोळे बारीक करून सुई चालवायची आणि घरी येऊन हे ऐकून घ्यायचं. ती नुसतं बरं म्हणायची. तिचा आवाज चढलेला शेजाऱ्यांनीही कधी ऐकला नव्हता.

ती गेली साध्या तापाने. अंगावर काढला, कुणाला बोलली नाही, आणि दवाखान्यात नेईपर्यंत फार उशीर झाला. भेटायला येणारी माणसं येऊन गेली, घर रिकामं झालं, आणि एका संध्याकाळी लिफ्टवाले सवयीने खुर्चीत जाऊन बसले. बराच वेळ बसले. मग त्यांच्या लक्षात आलं की मागून कुणी येणार नाहीये.

लोखंडी दोरावर अख्खी लिफ्ट तोलणाऱ्या माणसाला एक भांडं, एक दांडा आणि वरची मातीची चिलीम म्हणजे काय मोठंसं, असं त्यांना वाटलं. उठले आणि लागले कामाला. पुढचं न सांगितलेलंच बरं. निखारा घरंगळून खाली सतरंजीवर पडला, सतरंजी पेटली, ती विझवायला भांड्यातलंच पाणी ओतलं, आणि खोलीभर असा काही वास सुटला की खालच्या मजल्यावरचे लोक धावत वर आले. त्यांनीच मुलाला फोन केला.

मुलगा शाळेत गणित शिकवायचा, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. आला, जळालेली सतरंजी बघितली, आणि एवढंच म्हणाला की बाबा, खोली तयार आहे, आता माझ्याकडे चला. सून फोनवरून तेच म्हणाली. लिफ्टवाल्यांच्या पायाखालची जमीनच सरकली. ज्या घरात संसार केला ते सोडायचं, का, तर एक निखारा पडला म्हणून? त्यांनी आवाज चढवला, मुलाने चढवला नाही, आणि तिथेच गाडं अडलं. शेवटी लिफ्टवाल्यांनी पैज लावली. महिन्याभरात तिच्यासारखा हुक्का लावून दाखवतो. जमलं तर पुन्हा हा विषय काढायचा नाही, नाही जमलं तर मी मुकाट्याने येतो. मुलाने विचारलं, तिच्यासारखा झाला की नाही हे ठरवणार कोण? ते म्हणाले, मीच, आणखी कोण? मुलाने मान डोलावली. बाप भांडेल, पण खोटं बोलणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी ते तंबाखूच्या दुकानात गेले. या दुकानातही आजवर बायकोच यायची. दुकानदार तरणाताठा, गोड बोलणारा. त्याने सहज विचारलं, काका, घरी पहिल्यांदाच लावताय का? लिफ्टवाल्यांच्या तोंडाशी चांगली शिवी आली होती. ती गिळून ते हो म्हणाले.

मग त्याने नवख्याला सांगतात तसं सगळं सांगितलं. दांड्याचं खालचं टोक पाण्यात दोन बोटं बुडलं पाहिजे, त्याहून जास्त नाही. जिथे जिथे सांधा आहे तिथे हवा शिरता कामा नये, ओलं फडकं घट्ट गुंडाळा. तंबाखू चिलमीत दाबू नका, भुरभुरून ठेवा. वर कागदासारखा पातळ पत्रा ताणून त्याला सुईने भोकं पाडा. कोळसा लाल होऊन वर राख धरेपर्यंत थांबा, अर्धाकच्चा ठेवलात तर डोकं धरेल, आणि खिडकी उघडी हवी म्हणजे हवीच. एवढं सांगून तो पुढे म्हणाला की आता ओढायला सुरुवात करताना, आणि लिफ्टवाल्यांनी त्याला तिथेच थांबवलं. ओढायचं कसं ते तुम्ही मला शिकवू नका, म्हणाले, ते माझं खातं आहे. पैसे दिले आणि पिशवी उचलून चालते झाले.

आणि मग सुरू झाली फजिती. पहिल्यांदा पाणी इतकं भरलं की झुरका घेतला तो घोटभर पाणीच तोंडात आलं. मग पाणी कमी केलं, तर नुसती हवा. सांधा सैल होता, तो तासभर शोधला. लिफ्टमधला सैल खिळा आवाजावरून ओळखणारा माणूस, आणि फडक्यातून सुटणारी हवा काही सापडेना. सांधा बसला, तर तंबाखू दाबून भरलेली, ओढता ओढता गालफडं दुखून आली. भोकं पाडली ती पत्रा फाटेपर्यंत. एकदा कोळसा कच्चा राहिला, खिडकीही बंद होती. डोकं असं गरगरलं की ते भिंत धरून कसेबसे खिडकीपाशी पोचले. त्या दिवशी मात्र ते घाबरले. खिडकीत वाऱ्याला उभे राहिले आणि पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं, की आपलं डोकं असं एकदाही धरलं नव्हतं. एकदाही नाही. तिने रोज राख धरेपर्यंत वाट बघितली होती.

तिथून पुढे त्यांचा ताठा हळूहळू उतरत गेला. जो हुक्का ते एवढी वर्षं न बघता ओढत आले, तो आता त्यांनी पहिल्यांदा बघितला. काचेच्या भांड्याला बाहेरून एक लाल दोरा बांधलेला होता. तो शोभेसाठी असेल असं त्यांना वाटायचं. एक दिवस भांड्यात दांडा घालून बघितलं तेव्हा कळलं, की दोऱ्यापर्यंत पाणी भरलं की टोक बरोबर दोन बोटं बुडतं. सांध्याचं फडकं उलगडलं, तर त्याच्या चारी कडांना बारीक काजाचा टाका घातलेला, सूत सुटू नये म्हणून. कोळशाचा चिमटा त्यांच्या हातात भलताच आखूड वाटायचा, मग लक्षात आलं की त्याची टोकं तिने तिच्या हाताच्या बेताने वाकवून घेतली होती. लिफ्टवाले ते फडकं मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसून राहिले. कारागिराचं काम कारागिराला कळतं, आणि हे काम त्यांच्याच्याने झालं नसतं. आपल्या घरात आपल्यापेक्षा चोख माणूस राहत होतं आणि आपल्याला पत्ता नाही, या विचाराने त्यांच्या अंगावर काटा आला.

आजारात, पाहुण्यांच्या गर्दीत, कारखान्यात जादा काम असलं तेव्हाही हुक्का चुकला नव्हता. मुलगा झाला तेव्हा दवाखान्यातून घरी आली, त्या संध्याकाळीसुद्धा लागला होता की! आणि त्या संध्याकाळी आपण खिडकीतून रस्ता बघत बसलो होतो. हे आठवलं की ते घरात एकटेच हळहळायचे.

शिकायचं मात्र सोडलं नाही. दोऱ्यापर्यंत पाणी, फडक्याचे वेढे, बोटांनी मोकळी केलेली तंबाखू, राख धरलेला कोळसा, उघडी खिडकी. सगळं जमलं. आता बोट ठेवायला जागा नव्हती. आणि तरीही पहिला झुरका घेतला की घशाला कडू जाळ लागायचा. आवाजात फरक वाटला की लिफ्ट तिथल्या तिथे थांबवायची, ही त्यांची जुनी शिस्त. तसंच इथेही, कडू लागलं की नळी खाली, सगळं उपसून पुन्हा पहिल्यापासून. तंबाखू बदलून बघितली, कोळसा बदलला, पाणी उकळून गार करून घातलं. कडूपणा काही जाईना. दुकानदाराला विचारायला दोनदा दारापर्यंत गेले आणि दोनदा परत फिरले. कुठल्या तोंडाने विचारणार? महिना संपत आला तशी त्यांची झोप उडाली.

ठरल्या दुपारी मुलगा आला. एकटाच आला होता. लिफ्टवाल्यांनी त्याला बसायला सांगितलं आणि ओट्याशी उभं राहून त्याच्यादेखत हुक्का लावला. चूक एकही झाली नाही. मुलगा दारात उभा राहून बघत होता. फडक्याचे वेढे घालताना बापाची बोटं किती सावकाश चालतात ते त्याने बघितलं आणि मान खाली घातली. हुक्का घेऊन लिफ्टवाले खुर्चीत बसले. नळी तोंडाला लावली, डोळे मिटले, आणि झुरका घेतला.

कडू.

छान झालाय एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं, चव तर फक्त त्यांच्याच जिभेवर होती. घर राहिलं असतं. लिफ्टवाल्यांनी नळी तिवईवर ठेवली.

"हरलो," ते म्हणाले. "तिच्यासारखा नाही झाला. येतो तुझ्याकडे."

मुलाला हवं तेच झालं होतं. बापाला एकटं ठेवून त्याला रात्री झोप लागत नव्हती, खोली तयार होती, आणि आता फक्त हो म्हणायचं होतं. तो खिडकीपाशी गेला, परत आला, आणि बापासमोर पायांवर बसला.

"बाबा, हुक्का बरोबर लागलाय. पहिला धूर असाच येतो, कोळशाचा. आई तो आधी स्वतः ओढून टाकायची. ओट्याशी उभी राहून."

लिफ्टवाल्यांनी मान हलवली. म्हणाले, काहीतरी काय सांगतोस, तिला धूर सोसायचा नाही.

"नव्हताच सोसत. डोळ्यांतून पाणी यायचं, पदर तोंडात धरून खोकायची, तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून. मी तिथेच ओट्यावर बसून गणितं सोडवायचो. धूर गोड आला की तोंड धुवायची, पाणी प्यायची आणि मग बाहेर आणायची. मला म्हणाली होती, बाबांना सांगू नकोस, नाहीतर ते हुक्का सोडून देतील, आणि त्यांना दुसरं सुख आहे काय."

लिफ्टवाले उठले, हुक्का उचलला आणि आत ओट्याशी गेले. नळी तोंडाला लावून त्यांनी तो कडू धूर ओढला, आणखी ओढला. छाती भरून आली, डोळ्यांना धारा लागल्या, त्या धुराच्या किती आणि कशाच्या किती ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मुलगा दारातून बघत होता, पण त्याने हात पुढे केला नाही. आणि मग एक झुरका असा आला की लिफ्टवाले जागच्या जागी थांबले. गोड, मऊ, अगदी तिचा. रोज संध्याकाळी हातात यायचा तोच.

पैज जिंकली होती. घर त्यांचंच राहणार होतं. मुलाला ते बापाच्या तोंडाकडे बघूनच कळलं असावं, कारण तो चपला घालायला वळला.

"थांब," लिफ्टवाले म्हणाले. ओट्याची कड धरून ते उभे होते. "आणखी काय काय सांगू नकोस म्हणाली होती?"

मुलगा परत वळला.

"बरंच काही," तो म्हणाला. "एका बैठकीत नाही व्हायचं."

लिफ्टवाल्यांनी निखारा पाण्यात विझवला, चिलीम उतरवून ठेवली आणि फडकं धुऊन वाळत घातलं. मग ते बॅग शोधायला आत गेले. आधी कपाटात बघितलं, मग माळ्यावर. शेवटी मुलानेच ती पलंगाखालून काढून दिली, आणि बापाने आपले कपडे भरायला घेतले.