शिवा.बळ

"शिवा, पंखा कमी कर." उमाचं शेवटचं वाक्य हेच. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं तेवढ्या आजारपणातही पदर तोंडाशी नेला... बाईनं नवऱ्याला नावानं हाक मारली, तीही चार लोकांत. त्याला आता महिना झाला.

घाटनांदूरहून लग्न होऊन ती केजला आमच्या घरी आली, तेव्हापासून हेच. आमच्याकडे बायका 'अहो' म्हणतात. माझ्या आईनं तर उभ्या जन्मात वडिलांचं नाव घेतलं नाही. तहसीलमध्ये कारकुनानं विचारलं तरी मला पुढे करायची. उमानं पहिल्याच आठवड्यात माडीवरून हाक दिली, "शिवा, च्या ठिवू का?" खाली आमच्या किराणा दुकानातली गिऱ्हाइकं गप्प झाली. आई म्हणाली, "पोरी, नाव कावून घेतीस? नवऱ्याला मान हाय का न्हाई?"

"हाय की. आत हाय. तोंडावर कशाला ठिवू?"

नव्वदीच्या शेवटी गावात केबल आली, एसटीडी बूथ आले, आणि उमानं माडीवर संगणकाचा क्लास काढला. तिथंच तिनं हुतूतूचा गेम लिहिला. पुण्याची एक कंपनी तो शाळाशाळांत देणार होती. आपल्या घाटनांदूरच्या शाळेत तो चालताना बघायचा, एवढंच तिला हवं होतं. कंपनीचे साहेब आले आणि कोड बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. गेममधल्या खेळाडूचं नाव शिवा, आणि तिनं सरळ लिहिलेलं: शिवा.बळ = ५, म्हणजे शिवाचं बळ पाच. साहेबांचं म्हणणं, बळ असं थेट बदलायचं नसतं. वाचायला एक फंक्शन, बदलायला दुसरं, प्रत्येक गोष्टीला असे दोन मध्यस्थ. "उद्या कुणी वाटेल तो आकडा टाकला तर?"

"तुमीच टाका," म्हणत उमानं खुर्ची दिली. साहेबांनी उणे पन्नास टाकून गेम चालवला. पडद्यावरचा शिवा मटकन बसला, पण बळ शून्यावर थांबलं. त्याखाली जाईना.

"नियम आत लिवलाय, सर. बाहेर नुसतं नाव घ्यायचं. नाव घेतल्यानं नियम मोडत न्हाई."

साहेब हसले, तरी म्हणाले, "आमच्या पद्धतीत बसवा, मग बघू." ते गेल्यावर मी म्हणालो, "बदल की, काय बिघडतंय?"

"आज कोडात 'अहो' लिवलं, की उद्या घरात म्हणावं लागंल, शिवा."

तिनं एक ओळ बदलली नाही. काम गेलं. गेम आमच्या माडीवरच राहिला आणि क्लासच्या पोरांनी तो मनसोक्त खेळला. हट्टी होती, असं भेटायला येणारे आता गोड शब्दांत घोळवून सांगतात. होतीच. त्याबद्दल कुणाची माफी मागायची मला गरज वाटत नाही.

तिला माती दिली त्या दिवसापासून मी नुसता अण्णा, नाहीतर शेठ. काल माडीवर जाऊन तिचा जुना संगणक लावला. मागोमाग आई जिना चढून आली, धापा टाकत पडद्याकडे बघत राहिली.

"काय लिवलंय तिनं?"

"माझं नाव."

आई खुर्चीवर बसली. वडील जाऊन कैक वर्षं झाली... तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"विरूपाक्ष," ती म्हणाली.

खाली दुकानातली गिऱ्हाइकं गप्प झाली. आई आणखी मोठ्यानं म्हणाली, "विरूपाक्ष."