डोहाची जागा कुणी सांगितली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि मी तिच्यापासून काही लपवत नाही, असं ती चारचौघांत खात्रीने सांगते. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल.

मी सानपाड्याला राहतो, कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. रविवारी आमचा सहा जणांचा गट पनवेलच्या पलीकडे, डोंगरातल्या ओढ्यांवर जायचा. गोड्या पाण्यातले मासे पकडायचे नाहीत. आहेत तिथेच मोजायचे, फोटो काढायचे, नोंदी करायच्या. मी वॉटरप्रूफ डब्यात कॅमेरा घालून, श्वासाची नळी तोंडात धरून उथळ पाण्यात पालथा पडायचो. अर्धा तास हललं नाही की मासे तुम्हाला दगड समजतात, अगदी भिंगाजवळ येतात. तेवढा वेळ मी फार चांगला माणूस असायचो.

आमच्यासोबत मोरेश्वरदादा असायचे. बोनकोड्याचे. शेती शहरात गेली, उरल्या जागेत चाळ उभी राहिली, भाड्यावर घर चालतं. पण पाण्यात उतरले की आमची पुस्तकं मिटायची. प्रवाहाच्या खालून वर चढायचं, म्हणजे ढवळलेला गाळ मागे राहतो — हे त्यांनीच शिकवलं. एक डोह त्यांनी फार उशिरा दाखवला. त्यांच्या बहिणीच्या सासरच्या गावातला, देवळामागचा. तिथे बोटभर लांबीचा, पट्ट्यापट्ट्यांचा एक मासा होता, जो आम्हाला दुसरीकडे कुठेच दिसला नव्हता.

"सर, या डोहान मासा कोनी मारीत नाय. देवाचा हाय," ते म्हणाले होते. "बहिनीच्या घरच्यांना मी शब्द दिलाय."

जागा बाहेर सांगायची नाही, असं आम्ही सगळ्यांनी ठरवलं.

दिवाळीनंतर एका रविवारी गेलो तर डोह रिकामा. दगड उलटे पडलेले, काठावर बुटांचे ठसे, झुडपात अडकलेला जाळीचा तुकडा. शोभेच्या माशांचा धंदा करणाऱ्यांचं काम, हे कुणीही सांगितलं असतं. पण त्यांना जागा कुणी सांगितली? गावाबाहेर ती माहीत होती फक्त आम्हा सात जणांना. परतताना गाडीत जो तो दुसऱ्याकडे बघत होता — आणि हळूहळू सगळे मोरेश्वरदादांकडे. का? ते आमच्यातले नव्हते म्हणून, आणखी काय?

मग मला काय काय आठवायला लागलं! ते फोन आला की लांब जाऊन का बोलतात? स्कूटरच्या डिकीत झाकणाचा डबा कशाला? दोन रविवार आले नाहीत, तेव्हा कुठे होते? सोमवारपासून मी असा एकेक खडा गोळा करत होतो. गुरुवारी सरळ त्यांच्या घरी गेलो — जुन्या नोंदी हव्यात असं खोटं सांगून. वहिनी चहा करायला आत गेल्या आणि मी गच्ची बघायची म्हणून वर चढलो. दादा मागून आले.

गच्चीवर सिमेंटची टाकी होती. तिच्यात मासे होते. गप्पी मासे — डासांसाठी सोडतात ते.

"मलेरियाचा लय तरास, सर," दादा म्हणाले. "डब्यान भरून आख्ख्या गल्लीला वाटतंय."

म्हणजे डब्याचाही उलगडा झाला. मी चहा घेतला आणि निघालो.

रविवारी शालिनीताईंच्या घरी बैठक झाली. ताई आमच्या गटाच्या प्रमुख, प्राणिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. मोरेश्वरदादांना बोलावलं नव्हतं. मी म्हणालो, "त्यांच्या गच्चीवर टाकी आहे. मासे आहेत. मी डोळ्यांनी पाहिलंय."

कसले मासे, हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. एक अक्षर खोटं बोललो नाही — बघा, अजूनही कसं म्हणतोय!

ताईंनी त्यांना फोन करून यायला नको म्हणून सांगितलं. डोहाच्या गावाला अंधारात ठेवणं बरं नाही, म्हणून दोघं जण जाऊन तिथेही दादांचं नाव सांगून आले. पुढे आमच्या नोंदींची पुस्तिका निघाली, तेव्हा माशांची गावातली नावं सगळी दादांचीच होती. त्यांचं नाव मात्र कुठेच नव्हतं.

तुम्हाला वाटेल, संशय माणसाला आंधळा करतो, चूक होते. नाही. मी तुम्हाला गुरुवार सांगितला, रविवार सांगितला. मधला शुक्रवार गाळला.

त्या माशाचा फोटो मी दिवाळीआधीच नेटवर टाकला होता, जागा न लिहिता. एका मुलाने मेसेज केला — सर, असा फोटो आयुष्यात पाहिला नाही, मी विद्यार्थी आहे, कुठे काढलात? चार दिवस तो माझं कौतुक करत राहिला. पाचव्या दिवशी मी त्याला लोकेशन पाठवलं. कुणाला सांगू नकोस, असंही लिहिलं. मग विसरलो. खरंच विसरलो होतो? की डोह रिकामा दिसल्याक्षणी आठवलं होतं, आणि म्हणूनच सोमवारपासून दुसऱ्याचे खडे वेचत होतो? हे मला आजही सांगता येत नाही. पण शुक्रवारी स्टाफरूममध्ये बसून मी त्याचं खातं उघडलं. पट्ट्यांचे मासे प्लास्टिकच्या पिशव्यांत, विकायला. शेजारी सहकारी डबा खात होते. मी आमचा सगळा संवाद डिलीट केला आणि लेक्चरला गेलो.

म्हणजे रविवारी मी तोंड उघडलं, तेव्हा मला सगळं ठाऊक होतं.

गेल्या वर्षी वाशीच्या मार्केटमध्ये मोरेश्वरदादा समोर आले. मी वळणार होतो, पण त्यांनीच हात धरला. बहिणीच्या घरी अजून जाता येत नाही, म्हणाले. मेहुण्यांनी दार बंद केलंय. भाऊबीजेला ती ताट घेऊन पनवेलच्या स्टँडवर येते, तिथेच बाकड्यावर बसवून ओवाळते. लोक बघतात.

मग म्हणाले, "पन सर, तुमी बोललात माज्यासाठी. मानूस वाईट नाय, बोललात. ताईंनी फोनवर सांगितलं मना. तेवढं एक बरं वाटलं."

ते वाक्य मी बैठकीत बोललो होतो खरं. त्याच्यापुढे 'पण' होतं, आणि त्या 'पण'पुढे टाकी होती.

माझा हात त्यांच्या हातात होता. मी मान हलवली. "हो," म्हणालो. "मला जे वाटलं ते बोललो."

त्यांनी नमस्कार केला आणि ते बसस्टॉपकडे गेले.

बोनकोडे माझ्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. मी तिथे गेलेलो नाही.