टोपचुबाय उस्तांचा कान

"सांगितलं ना, व्हॉल्व्हच वाजतोय!"

"व्हॉल्व्ह दोनदा बसवलेत तुम्ही, उस्ता. टिकटिक आहे तिथंच आहे!" टॅक्सी चालवणारी बुरुलचा नावाची बाई हट्टाला पेटली होती. "पॅकिंग फुटलंय, एर्मेक म्हणतो."

एर्मेक म्हाताऱ्या मेकॅनिक टोपचुबाय उस्तांच्याच हाताखाली शिकलेला. आता समोरच त्याचं गॅरेज होतं. उस्तांनी त्याला हाक मारली. सळईचं एक टोक इंजिनला, दुसरं कानाला लावून त्यांनी चाळीस वर्षं ओश शहरातल्या गाड्यांची दुखणी ओळखली होती. तीच सळई त्यांनी त्याच्या हाती दिली.

"ऐक आणि सांग हिला."

एर्मेकने चालू इंजिन ऐकलं, मान खाली घातली. "तुम्ही म्हणता तर व्हॉल्व्हच, उस्ता."

"खोटारड्या!" बुरुलचा उसळली. "उस्ता, बारीक आवाज तुम्हाला ऐकूच येत नाहीत! तीन वर्षं तुमच्याकडून निघालेली गाडी गुपचूप मागच्या गल्लीनं याच्याकडे जाते, हा ती पुन्हा खोलून नीट करतो. पांढऱ्या दाढीच्या माणसाला तोंडावर कोण सांगणार? अख्खा बाजार गप्प!"

छातीवर आदरानं हात ठेवून 'आता सुरेख चालते' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांचे सगळे चेहरे उस्तांच्या डोळ्यांपुढून गेले.

"वा रे तुमचा आदर!" ते म्हणाले. "बहिरा मी झालो, तुमची वाचा का बसली? एर्मेक, एवढंच सांग. या तीन वर्षांत माझ्या हातची एक तरी गाडी धड घरी गेली का रे?"

एर्मेकने सळई हलकेच भिंतीला टेकवली आणि तो फाटकाबाहेर निघून गेला.