पाच सेकंदांची शांतता

“हे जे लाल दिसतंय ते सगळं शुक्रवारपर्यंत हिरवं झालं पाहिजे,” ब्रायन म्हणाला आणि त्याने माझ्या स्क्रीनवर बोट टेकवलं. काचेवर डाग पडला.

ब्रायन माझा मॅनेजर. आमच्याकडे येऊन त्याला तीन महिने झाले होते. आधी तो एका कुरिअर कंपनीत होता. तिथे रिकामा ट्रक म्हणजे नुकसान. आमच्या प्लेनो शहरातल्या ऑफिसात ट्रक नाहीत. आम्ही कॅप्शन करतो, म्हणजे ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी पडद्याच्या खाली येणाऱ्या ओळी. कोण काय बोललं एवढंच नाही, नेमकं केव्हा बोललं हेही त्या ओळींनी सांगायचं असतं. अठरा वर्षं मी हेच करते आहे.

त्या आठवड्यात हातात सहा एपिसोडांची एक ब्रिटिश विनोदी मालिका होती. पाण्याचे मीटर बसवणारं ऑफिस आणि तिथला अत्यंत नालायक साहेब. एका प्रसंगात तो सगळ्या स्टाफला उभं करून विचारतो, “मला इथे कुणी घाबरतं का?” पाच सेकंद कुणी तोंड उघडत नाही. कॅमेरा एकेक चेहरा दाखवतो. मग मागून एक कारकून बाई हळूच विचारतात, “उत्तर आजच द्यायचं का?”

त्या पाच सेकंदांत पडद्यावर एकही ओळ नसते. याला आम्ही गॅप म्हणतो. ब्रायनच्या नव्या नियमाप्रमाणे दोन सेकंदांहून मोठा गॅप म्हणजे चूक, आणि डॅशबोर्डवर तो लाल. उपायही त्याचाच: पुढची ओळ अलीकडे ओढायची. म्हणजे चेहरे दिसायच्या आधीच बाईंचं उत्तर वाचून मोकळं. विनोदाचा पार बट्ट्याबोळ.

“ब्रायन, इथे शांतता हाच विनोद आहे.”

“प्रेक्षकाला वाटेल कॅप्शन बंद पडलं.”

“कुठल्या प्रेक्षकाने तक्रार केली?”

“डॅशबोर्ड सांगतोय ना!”

मग त्याने तो प्रसंग पुन्हा लावला, खदखदून हसला आणि म्हणाला, “असे मॅनेजर खरंच असतात का?” मी रुमालाने स्क्रीनवरचा डाग पुसला.

आमची टूल्स केतकी बनवते. पुण्याची, माझ्या मुलीच्या वयाची, ऑफिसातही मला मावशीच म्हणते. तिने बाजूला घेऊन समजावलं, “मावशी, जाऊ द्या ना यार. एक बटण क्लिक केलं की सगळे गॅप ऑटोमॅटिक क्लोज होतात. नेक्स्ट मंथ तुमचा रिव्ह्यू आहे. ब्रायन तुमची टीम लीडची पोझिशन काढून घेईल. कशाला पंगा घेता?”

“अगं, पण फाइलवर सही माझी जाते.”

तरी मी तिला ते बटण दाबायला लावलं, कारण मला ती फाइल डोनाला दाखवायची होती. डोना आमची रिव्ह्यूअर, तयार कॅप्शन प्रेक्षकाच्या नजरेने बघून तपासणारी. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. तिला काही न सांगता मी तो प्रसंग दाखवला. ती हसली नाही. फोनवर टाइप करून तिने विचारलं, “ही बाई इतकी उद्धट का आहे?”

भेदरलेली बाई तिला उद्धट वाटली होती. मी मूळ फाइल लावली. ती बघून डोना लालबुंद झाली. “ऐकणाऱ्यांना अख्खा विनोद, आणि आम्हाला उरलंसुरलं?” तिने टाइप केलं. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त संताप आला.

ब्रायनला मी हे सांगितलं. “एका बाईचं मत म्हणजे डेटा नव्हे,” तो म्हणाला. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

“मग या फाइलवर मी सही करणार नाही.”

“हे रिव्ह्यूमध्ये येईल, कळतंय ना?”

“येऊ दे. सोबत कारणही लिही.”

प्रत्येक फाइलबरोबर क्लायंटला एक क्यूसी फॉर्म जातो. तपासणाऱ्याने त्यात शेरा लिहून सही करायची असते. त्या बटणाने सहाही एपिसोडांचे गॅप बंद केले गेले होते, म्हणून प्रत्येक फॉर्मवर मी शेरा लिहिला, “शांततेच्या जागी पुढची ओळ आधीच दाखवली आहे. ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकाची ही फसवणूक आहे.” सहीची जागा कोरी ठेवली. शुक्रवारी ब्रायनने न वाचता तिथे आपली सही ठोकली आणि सहाही एपिसोड रवाना केले.

मंगळवारी सहाही परत आले. क्लायंटने सरळ विचारलं होतं, “शेऱ्यात चूक लिहिली आहे, खाली सही आहे, मग पाठवलं कशाला?” मेल ब्रायनच्या बॉसलाही गेला होता. ब्रायन धापा टाकत माझ्या टेबलापाशी आला.

“असलं काही लिहिलंस तर सांगायचं तरी!”

“सांगितलं होतं. ऐकलं नाहीस, म्हणून लिहिलं.”

केतकीने आणि मी दोन दिवस बसून सगळे गॅप परत जागेवर आणले. डोनाने सहावा एपिसोड आधी बघितला नव्हता. त्यातही अशीच एक लांब शांतता होती. तो बघताना ती इतक्या मोठ्याने हसली, की पलीकडच्या अकाउंट्सवाल्यांनी माना वर केल्या. मी मुद्दाम घड्याळ लावून बघितलं. डोना शांतता संपल्यावर हसली, आधी नाही.

नियम काही रद्द झाला नाही. त्याला ‘विनोदी मालिका वगळून’ अशी पुरवणी जोडली गेली. माझ्या रिव्ह्यूमध्ये ‘टीमवर्क: सुधारणेला वाव’ असं आलं आणि लीडची जागा गेली. ब्रायन अजून तिथेच आहे, मीही आहे. साहेबाला अक्कल देणं माझ्या हातात नाही. सही न देणं आहे.