मुन्शींचा इंग्रजी नकार

रोज सकाळी कचेरीत बसलं की इब्राहीम मुन्शी नवी निब आधी जिभेला लावायचे, मग दौतीत बुडवायचे. शाई नीट धरते म्हणायचे. निजामाच्या काळात त्यांच्या हातचा नकार औरंगाबादेत नावाजलेला होता. अर्ज नामंजूर झालेला माणूसही कागद ऐकून दुवा देऊन जायचा.

पोलिस ॲक्शन झाली, कारभार उर्दूतून इंग्रजीत गेला आणि अमरावतीहून रामकिसन हा तरुण कारकून आला. एकदा त्याची टिपणी साहेबांनी सगळ्यांसमोर वाचली. एकाला नोकरी नाकारायची होती; रामकिसननं सुचवलं होतं की ‘टु सॉफन द ब्लो’, पुढच्या वर्षी विचार करू असं सोबत कळवावं. साहेब म्हणाले, याला म्हणतात लिहिणं. मसुदे लिहायची खुर्ची कुणाला द्यायची, हे तेव्हा ठरायचंच होतं.

मुन्शींनी घरी जाऊन डिक्शनरी उघडली. घाव हलका करण्यासाठी. एवढंच? जन्मभर आपण दुसरं काय केलं? आपल्याच कामाला कालच्या पोरानं नाव दिलं आणि वाहवा घेऊन गेला, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. तो अदबीनं पान पुढं करायचा, तेही कडू लागायचं.

थोड्याच दिवसांनी पिशोरच्या मनकर्णाबाईंना शाळेत पाणी भरायचं काम नाकारायचं होतं. मसुदा मुन्शींकडे आला. त्यांनी रामकिसनचे ते इंग्रजी शब्द पहिल्याच ओळीत घातले, साहेबांनी घाईत सही केली. गावच्या मास्तरांनी बाईंना कागद शब्दन्‌शब्द मराठीत सांगितला, तशा त्या थेट कचेरीत आल्या.

“साहेब, घाव घालायचाच हाय, तर हलक्या हातानं घालतो म्हून आधी कळवता व्हय?”

ते शब्द साहेबांसाठीच्या टिपणीत शोभायचे. ज्याला घाव बसणार, त्यालाच ते लिहायचे नसतात. उर्दूत ही चूक मुन्शींच्या हातून झोपेतही झाली नसती.

कुणी लिहिलं, साहेबांनी विचारलं. रामकिसन उठला.

“मसुदा मी तपासला होता, साहेब. माझ्याकडून सुटलं.”

त्यानं काहीच तपासलं नव्हतं. तो हसला असता तर मुन्शींनी सोसलं असतं. खुर्ची त्याला मिळाली. मुन्शी निवृत्त होईपर्यंत जुनी दप्तरं लावत बसले.

बऱ्याच वर्षांनी, उन्हाळ्यात, गारखेड्याच्या घरी मुन्शी अंथरुणाला खिळले, तेव्हा रामकिसन भेटायला आला. बाहेर डॉक्टरांशी बोलून मगच आत आला.

“पावसाळा सरला की फर्दापूरला जाऊ, मुन्शीजी. लेणी बघायची राहिलीत तुमची.”

वाक्य सुरेख होतं. मुन्शींनी ते मनात उलटंपालटं करून पाहिलं, कुठं खोट सापडते का. सापडली नाही. छातीत जुनी जळजळ उठली. रामकिसनच्या कपाळावरून घाम निथळत होता. मुन्शींनी लेकीला हाक मारली. तेच त्यांचं शेवटचं बोलणं ठरलं.

“जमिला, पंखा इनके तरफ फिरा जरा.”