चुका काढणारा मास्तर

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. इतिहासाची मास्तरकी संपली, पण माझं चुका काढणं काही संपलं नाही. त्या दुपारी टीव्हीवर सरंजामी जपानातल्या ख्रिस्ती मिशनऱ्यांचा चित्रपट लागला होता आणि मी वही घेऊन बसलो होतो. पोर्तुगीज पाद्री घडाघडा इंग्रजी बोलतात काय, उपाशी शेतकऱ्यांचे दात पांढरेशुभ्र काय! शेजारी खाटेवर आई होती. तिला मीच मधूनमधून गोष्ट सांगत होतो.

मग सरदाराच्या माणसांनी येशूचा ठसा जमिनीवर ठेवला. धर्म सोडला हे दाखवायला त्यावर पाय द्यायचा. एका बाईचा पाय काही उचलेना.

"माझी पन मूठ सुटत नवती," आई म्हणाली.

मी चमकलो. पावसजवळच्या आमच्या वाडीने बौद्ध धम्म घेतला तेव्हा ती नवी सून होती. प्रत्येक घरचे देव त्या घरच्या सुनेने खाडीत सोडायचे, असं ठरलं होतं. त्यावर मी पुस्तिका लिहिली आहे. ‘सर्वांनी हसतमुखाने देव विसर्जित केले,’ हे त्यातलं माझं लाडकं वाक्य.

"आये, कधी बोलली नाहीस ते!"

"तू इचारलंस कधी? बापयांना बसवून लिवून घेतलंस. मी चाय देत होती. धम्म घेतला ता बराच झाला रे. पन मूठ सुटंना, तवा तुझा आजा फुडं आला नि..."

पडद्यावर पाद्र्याचीच पाळी आली होती.

"थांब गं जरा, एवढं बघू दे. उद्या सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली.

तीन महिने वही उघडून तिच्यापुढे बसतोय. आजाने मूठ सोडवली? मारलं? की घरी जा म्हणाला? हो असेल तर डोळे मिट, म्हणतो. ती नुसती बघत राहते. खाडीवर तेव्हा उभं असलेलं दुसरं माणूस वाडीत उरलेलं नाही. परवा मी तिच्यावर ओरडलो, आणि मग तिच्याच पायाशी बसून रडलो.

तिची उजवी मूठ आता आवळलेलीच असते. नखं तळव्यात रुततात, म्हणून डॉक्टरांनी ती रोज उघडून धुवायला सांगितलंय. एकेक बोट सोडवताना तिच्या डोळ्यांतून पाणी येतं, आणि तरी मी सोडवतो.